दोन दिवसांची सुट्टी आणि उल्हास नदी



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून दोघातिघा स्नेह्यांनी मला वाटेत अडवले. म्हणाले, "तुम्ही बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगार यांवर बोलणारे गृहस्थ. तुम्हाला नदी आणि धबधबे कोठून सुचले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बोलण्याच्या ओघात मिळाले तर बरे. न मिळाले तर शेवटी पुन्हा विचारावे, मी येथेच आहे.

आपण कल्याणकर रोज सकाळी नळाची तोटी फिरवतो तेव्हा भांड्यात पडते ते पाणी बहुतांशी उल्हासचे. नदी आपल्या घरात येते, पण आपण तिच्या घरी कधी जात नाही. ती आपल्याला आठवते ती दोनच प्रसंगी : पाणी येत नाही तेव्हा आणि पाणी नको तितके येते तेव्हा. 2005 च्या 26 जुलैला ती कोणाच्या घरात किती शिरली हे या सभागृहात बसलेल्यांना मी सांगावयास नको. 2019 च्या 27 जुलैला तिने वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली आणि हजारावर प्रवासी नावांनी बाहेर काढावे लागले. एवढ्या ओळखीवर आपण तिला ओळखतो म्हणणे म्हणजे शेजाऱ्याला केवळ भांडणापुरते ओळखण्यासारखे झाले. म्हणून मी ठरवले की, तिच्या माहेरी एकदा जाऊन यावे. पायी जावे, पाठीवर आपले सामान घेऊन जावे, आणि एकट्याने न जाता युनियनमधल्या मंडळींना घेऊन जावे.

शेवटचे कलम सर्वांत अवघड ठरले. आमच्या कचेरीत मी हा विचार मांडला तेव्हा एक जुना सभासद म्हणाला, "भाऊ, सहा दिवस आम्ही पाठीवर गोणी वाहतो. सातव्या दिवशी पुन्हा पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढायचा, आणि वर त्याला मौज म्हणायचे?" सगळे हसले, मीही हसलो. परंतु मला खरी अडचण लक्षात आली ती यादी करताना. तीस जणांना विचारले. जायची इच्छा असलेले निघाले सतरा. ज्यांना शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन दिवस मोकळे मिळू शकतात असे निघाले सहा. त्या सहांतलाही एक खोटे बोलला होता, ते पुढे कळले.

ही गोष्ट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. भाद्रपद संपत आला होता. पाऊस उतरणीला लागलेला, पण ओढे अजून भरलेले. धबधबे पाहावयास हाच काळ चांगला. आषाढ-श्रावणात तेथे पाण्यापेक्षा माणसांचा लोंढा मोठा असतो. आम्ही सातजण होतो. एक फिटर, दोघे पॅकिंग खात्यातले, त्यांपैकी एक ताई, एक क्रेनवाला, एक कँटीनमधला आचारी, एक नुकताच लागलेला शिकाऊ मुलगा आणि मी. सामान म्हणजे चादर, प्लॅस्टिकचा मोठा कागद, बॅटरी, दोर, भाकऱ्या, ठेचा, चणे, गूळ आणि आचाऱ्याने हट्टाने घेतलेले एक पातेले. त्या पातेल्याला आम्ही वाटेत पुष्कळ नावे ठेवली आणि रात्री ती सगळी परत घेतली.

सकाळच्या गाडीने लोणावळ्यास उतरलो. पण त्याआधी घाटाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कर्जत सोडून गाडी बोगद्यांत शिरली की आपण खिडकीतून दरी पाहतो, आणि हे योग्यच आहे, दरी पाहण्यासारखीच आहे. पण हा लोहमार्ग 1856 ते 1863 या काळात माणसांनी हाताने खोदला. 1861 च्या सुमारास या घाटात चाळीस हजारांवर मजूर एकाच वेळी कामावर होते. मजुरी थकली म्हणून 1859 साली त्यांनी दंगा केला. फॅव्हिएल नावाच्या पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. नवा आला तो ट्रेडवेल, तो येताच थोड्याच दिवसांत वारला, आणि पुढे त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट तडीस नेले. ते हजारो मजूर कॉलऱ्याने आणि तापाने मेले, त्यांची नावे कोठेही नाहीत. मी हे गाडीत सांगू लागलो तेव्हा आमचा शिकाऊ मुलगा म्हणाला, "काका, आज सुट्टी आहे ना?" तेव्हा मी गप्प बसलो. येथे मात्र आपण मला बोलावले आहे, त्यामुळे इलाज नाही.

लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत वाट सुमारे 15 किलोमीटरांची आहे. चढ फार नाही, पण वाट लांबते. एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला उल्हासची दरी. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा या कड्यांवरून खाली धावतो आणि त्या असंख्य ओहोळांची मिळून खाली उल्हास होते. नदीचा उगम म्हणजे एक कुंड आणि त्यावर एक गोमुख अशी माझी समजूत होती. येथे पाहतो तो सगळा डोंगरच उगम! धुके विरळ झाले की समोरच्या भिंतीवर दहा-बारा पांढऱ्या रेघा दिसत, पुन्हा धुके आले की रेघा पुसल्या जात आणि नुसता आवाज उरे.

हे धबधबे असे पायरीपायरीने का पडतात, हे मला फिटरने विचारले. मी शाळेत भूगोल फारसा शिकलो नाही. जो शिकलो तो पुढे पुस्तके मिळवून. तेव्हा जे वाचले होते ते सांगितले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी खाते आणि घट्ट थर वर छपरासारखा पुढे राहतो. राजमाचीखालचा कातळधार धबधबा असाच आहे. त्याच्या मागे कपार आहे आणि पाणी बेताचे असेल तर माणूस पडत्या धारेच्या मागून चालू शकतो. फिटर म्हणाला, "म्हणजे बेअरिंग झिजावे आणि शाफ्ट शाबूत राहावा, तसे." पुस्तकातही मला इतका चांगला दाखला मिळाला नव्हता.

वाटेत वळवणचे तळे लागते. तेथे आम्ही भाकरी खाल्ली आणि तेथे मला पुन्हा राहवले नाही. हे तळे हौसेचे नव्हे. वळवण, लोणावळा, शिरवटा येथे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सुमारे 500 मीटर खाली सोडले, आणि 1915 पासून त्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. 1922 साली भिवपुरी, 1927 साली भिरा. म्हणजे परळ-लालबागच्या साच्यांना फिरवणारे पाणी सह्याद्रीचे होते. ते अडवण्यासाठी मुळशीची शेते बुडाली, आणि त्याविरुद्ध 1921 ते 1924 पर्यंत सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला. आता गंमत अशी, गंमत म्हणावी की नाही ठाऊक नाही, की जमीन गेलेला मावळा गिरणीत गेला, आणि ज्या पाण्याने त्याचे शेत बुडवले त्याच पाण्याच्या विजेवर साचा चालवू लागला. भिवपुरीचे पाणी वीज देऊन झाल्यावर पेज नदीतून उल्हासला मिळते, तेथून पुढे आपल्याकडे. तुमच्या-माझ्या पेल्यातले पाणी असे पाळी भरून आलेले असते.

संध्याकाळी उधेवाडीला पोहोचलो. एका घराच्या ओसरीवर मुक्काम केला. घरच्या म्हाताऱ्या बाबांनी मला 'साहेब' म्हटले. मी म्हणालो, "बाबा, मला साहेब म्हणू नका, साहेबांशी भांडण्यातच माझा जन्म गेला." ते म्हणाले, "मग भाऊ म्हणतो. पण भाऊ झालात तर पैसे कमी देणार नाही ना?" या माणसाशी आपले जमणार हे मी तेव्हाच ओळखले.

रात्री पातेल्यात पिठले शिजत असताना शिकाऊ मुलाने विचारले, "काका, रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली ना? त्यांचा देवळात जायचा दिवस म्हणून?" मी दिवसभर आवरून धरले होते, आता त्यानेच दार उघडले. मी सांगितले. 1881 चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरताच होता. मोठ्या माणसाला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम असे आणि सुट्टी फक्त सणाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. त्यात आठवड्याला एक सुट्टी मागितली होती, दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मागितला होता. आज ऐकताना लाज वाटावी इतक्या लहान मागण्या. त्यांना सहा वर्षे लागली. 1890 च्या 24 एप्रिलला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या. तेव्हा कोठे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने रविवार दिला. कायद्यात तो त्यानंतर आला. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार. त्यासाठी कोणाच्या देवळाकडे पाहण्याची गरज नव्हती. पुढे लढे होत होत 1948 च्या कायद्याने 48 तासांचा आठवडा आला, वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा आली. 2025 च्या नोव्हेंबरात जुने कायदे जाऊन श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही आठवड्याची सुट्टी लिहिलेली आहे.

"लिहिलेली आहे," फिटर म्हणाला, आणि चुलीत लाकूड सारत राहिला. मला तेव्हाच ऐकू यायला हवे होते. मी माझ्या बोलण्यात रंगलो होतो. पुढाऱ्यांना हा रोग असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहिले. किल्ल्यांविषयी येथे अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत, मी त्यात भर घालत नाही. शीळकरी कस्तूर मात्र सांगतो. काळानिळा पक्षी, ओढ्याच्या काठी दगडावर बसतो आणि माणसासारखी शीळ घालतो. सुरात घालतो असे नाही, काम करता करता रमलेला माणूस घालतो तशी. आमचा क्रेनवाला अर्धा तास त्याला उत्तरे देत बसला होता. चौदा वर्षांत या माणसाला मी शीळ घालताना ऐकले नव्हते.

बाराच्या सुमारास कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरू लागलो. बाबा वाटाड्या म्हणून बरोबर आले. उतार उभा, निसरडा, दोन्हीकडे कारवी. दोनच्या सुमारास वर कड्याकडे काळे झाले आणि गडगडू लागले. आमच्या डोक्यावर मात्र ऊन होते. अडीचला एक ओढा आडवा आला. पाणी गुडघाभर, रुंदी वीस-पंचवीस पावले. फिटर चप्पल हातात घेऊन उतरलाच होता, तोच बाबांनी त्याचा दंड धरला. "थांब. पाणी गढूळ होतंय."

आम्हाला काही दिसत नव्हते. बाबांनी बोट दाखवले तेव्हा दिसले : काठाशी वाळकी पाने आणि काटक्या वाहू लागल्या होत्या, आणि पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. फिटर चिडला. "गुडघ्याएवढे पाणी आहे! आत्ता गेलो तर पाच मिनिटांत पलीकडे." बाबा म्हणाले, "पाच मिनिटांतच येतंय ते." तरी तो ऐकेना, हात सोडवू लागला. मी म्हणालो, "अरे, घाई कसली?" तेव्हा त्याच्या तोंडून खरे बाहेर पडले. त्याला रविवारची सुट्टी नव्हती. शनिवार त्याने कसाबसा मिळवला होता, पण कंत्राटदाराच्या मुकादमाने सांगितले होते की, रविवारी रात्री आठच्या पाळीला उभा राहा, नाही राहिलास तर सोमवारपासून येऊ नको. बारा तासांची पाळी. गेले अकरा रविवार तो असाच कामावर होता. आम्हाला सांगितले असते तर आम्ही त्याला आणला नसता, म्हणून त्याने सांगितले नव्हते.

आता मी येथे एक कबुली देतो. ते ऐकल्यावर क्षणभर माझ्याही मनात आले, दोर आहे, सातजण आहोत, जावे. नोकरी म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, आणि पाणी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. मी बाबांकडे पाहिले. ते मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही पुढारी. तुम्ही म्हणाल तर हे जातील. मी नाही येणार." एवढेच. मी दोर पिशवीतून काढला नाही.

आम्ही काठावरून वर सरकून बसलो. पाच मिनिटे झाली नसतील. आधी आवाज आला. मोठी गाडी पुलावरून जाते तसा. मग पाणी आले. ते वाढत वाढत आले नाही, भिंतीसारखे आले, आणि आम्ही जेथे चपला काढल्या होत्या तो दगड दिसेनासा झाला. एक आख्खे झाड मुळांसकट समोरून गेले. पॅकिंगमधल्या ताईंनी शिकाऊ मुलाचा हात धरला होता, तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. 2024 च्या जूनअखेर लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागल्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसे याच तऱ्हेने वाहून गेली. तेव्हा पुष्कळांनी म्हटले, लोकांना अक्कल नाही. असेल. पण वर दूर पडलेला पाऊस खाली उन्हात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. तो गढूळ पाण्यावरून वाचावा लागतो, आणि हे वाचन आपल्याला कोणी शिकवलेले नाही. पाणी गढुळले, काटक्या वाहू लागल्या, ओढ्याचा आवाज बदलला, की पात्रातून बाहेर पडावयाचे आणि खाली-वर न धावता सरळ बाजूच्या उंच जागी चढावयाचे. आणि उतार पडेपर्यंत बसून राहावयाचे. यातले बसून राहणे सर्वांत कठीण.

आम्ही पावणेतीन तास बसलो. फिटरने पहिला तासभर दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहिले, मग ते काढून खिशात टाकले. आचाऱ्याने त्या पातेल्यात चहा केला. सवा-पाचनंतर पाणी मांडीच्या खाली आले, तेव्हा दोर धरून, एकेक करून, बाबांच्या मागून ओलांडले.

कोंढाण्याच्या लेण्यांत पोहोचलो तेव्हा उजेड जेमतेम होता. ही सोळा बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीची, घाटावरून कल्याण बंदराकडे उतरणाऱ्या वाटेच्या अंगाला कोरलेली. चैत्याच्या दर्शनी भागाची पुष्कळ पडझड झाली आहे, पण वरच्या कमानी आणि कठड्यांचे काम पाहावे. दगडात लाकूडकाम केले आहे, अगदी वाशांसकट. तेथे एका शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. लेण्यांतून लेख सापडतात ते बहुधा दान देणाऱ्यांचे, कान्हेरीला तर आपल्या कल्याणच्या दात्यांचेही आहेत. ही ओळ दात्याची नाही. कान्ह याचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच ती सांगते. फिटरने बॅटरी धरली आणि मला ते दोनदा सांगावयास लावले. "मालकाचे नाव नाही?" त्याने विचारले. त्या ओळीत नाही, मी म्हणालो.

कोंडिवडे, तेथून रिक्षा, कर्जत, लोकल. तो आपल्या कारखान्याच्या दारात पोहोचला तेव्हा पावणेदहा झाले होते. आत घेतले नाही. सोमवारीही नाही. कारखान्याचे नाव मी येथे घेत नाही, बोलणी अजून चालू असतात. आम्ही भेटलो, पत्रे दिली, अकरा रविवारांच्या हजेरीच्या नोंदी मागितल्या. त्या नोंदी मागितल्यावर हवा थोडी बदलली. एकोणिसाव्या दिवशी त्याला परत घेतले. एकोणीस दिवसांची मजुरी मिळाली नाही, बुडाली ती बुडाली. ते पैसे आम्ही वर्गणी काढून अर्धेमुर्धे भरून दिले. सभेत एकाने मला तोंडावर विचारले की, तुमच्या हौसेपायी पोराचे एकोणीस दिवस गेले, याचा जाब कोण देणार? माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. फिटर उठून म्हणाला, "मला त्यांनी नेले नाही, मी खोटे बोलून गेलो. आणि ते अकरा रविवार कोणी मोजले होते? मीसुद्धा ओढ्याच्या काठावर बसून पहिल्यांदा मोजले." त्यानंतर आमच्या कचेरीत एक वही ठेवली आहे. प्रत्येकाने आपले गेलेले रविवार तीत लिहावयाचे. वही भराभर भरते आहे.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा जाणाऱ्यांसाठी कामाचे तेवढे सांगून बसतो. भर पावसात जाऊ नका. त्या दिवसांत कधी कधी सरकारी बंदीही असते, ती आधी विचारून घ्या. ओझे आठ किलोंच्या वर नको. कातळधार आम्हाला जवळून पाहावयास मिळाला नाही, दुरूनच नमस्कार केला. मार्गशीर्षात पुन्हा निघणार आहोत, तेव्हा पाणी थोडे असेल पण वाट धड असेल. गावातला वाटाड्या घ्या आणि पैसे आधी ठरवा. आमच्या बाबांनी एका दिवसाचे सांगितले होते. ओढ्यापाशी तीन तास मोडले, परत चढायला रात्र झाली, म्हणून मी त्यांच्या हातावर दीड दिवसाचे ठेवले. त्यांनी ते मोजले आणि म्हणाले, "भाऊ, रविवार होता. तुमच्यात रविवारचे दुप्पट असते ना?" मी दुप्पट दिले.